सात पाण्यांची चिलमन

नीलम्माचं घर दाखवायला पत्ता लागत नसे. लातुरात गोलाईच्या मागच्या गल्लीत शिरायचं आणि ज्या भिंतीला पांढरं मलमल ताणलेल्या लाकडी चौकटी टेकून उभ्या असतील, ते घर तिचं. येणारे-जाणारे तिथं अंग चोरून चालत. सायकलवाला खाली उतरून सायकल हातात धरी. कोंबड्यांना तेवढी समज नव्हती, म्हणून नीलम्मा दारात काठी घेऊन बसे आणि येईल त्याच्याशी चार शब्द बोलता बोलता कोंबड्या हाकी.

या चौकटींना गावात चिलमन म्हणत. निजामाच्या अमलातला शब्द, तोंडात बसला तो बसला. सागवानाची चौकट, तिच्यात ताणून बसवलेलं मलमल, त्यावर रंगवलेली वेलबुट्टी आणि सगळ्यावरून उकळलेल्या जवसाच्या तेलाचा हात. तेल प्यायलं की कापड काचेसारखं होई. उजेड आरपार येई, पण पलीकडचा माणूस नुसती सावली होऊन राही. डॉक्टरांच्या दवाखान्यात रोग्याच्या खाटेपुढं, फोटो स्टुडिओत कपडे बदलायच्या कोपऱ्याला, साडीच्या दुकानात बायकांच्या बैठकीपुढं अशी एकेक चिलमन उभी होती. रंगवणारा मडिवाळप्पा. कापड धुणारी नीलम्मा. नाव अर्थातच त्याचं व्हायचं, आणि तिला त्याचं काही वाटत नसे, कारण तिचं काम दिसलंच नाही तर ते चांगलं झालं, असा त्या कामाचा स्वभाव होता.

ही विद्या नाटकातली. नांदेडच्या दत्तोपंतांच्या कंपनीत मडिवाळप्पा पडदे रंगवायचा. काय ते दिवस होते. कंपनी बैलगाड्यांतून हदगावला, किनवटला, उमरखेडला जायची आणि गाव तंबूत रिकामं व्हायचं. शेवटच्या अंकात रंगमंचावर देवळाची दगडी भिंत दिसे. भक्त तिच्यावर डोकं आपटून घेई. मग पुढच्या बत्त्या हळूहळू उतरत, मागच्या चढत, आणि भिंत विरघळून पलीकडे देवी उभी राही. बायका पदर पसरत. पोरं आईला चिकटत. ती भिंत म्हणजे मडिवाळप्पानं रंगवलेलं मलमल, आणि तिचं विरघळणं सगळं धुण्यात होतं. गिरणीच्या कोऱ्या कापडातली खळ सात पाण्यांनी काढायची, आणि पाणी गोडं पाहिजे. हदगावच्या मुक्कामात कंपनीच्या धोब्यानं आळस केला आणि मचूळ पाण्यात कापड बुचकळून आणलं. समोरून पाहिलं तर पडदा झक्क. मागून बत्ती लागली तशी देवीच्या तोंडावर पांढऱ्या चकत्या उमटल्या. पिटातून कुणीतरी ओरडलं, "देवीलाच देवी आल्या की वो." तंबू हसून हसून लोळला. दत्तोपंत विंगेत डोकं धरून बसले.

नीलम्मा तेव्हा नवी नवरी होती, विंगेतच उभी होती. दुसऱ्या दिवशी मडिवाळप्पानं कापडाचा गठ्ठा तिच्यापुढं ठेवला. "हे पगारी माणसाचं काम न्हाई," तो म्हणाला. "आजपासून तुझं."

तेव्हापासून तीस वर्षं मडिवाळप्पाच्या कापडाला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. सिनेमा आला, कंपनी बसली, दत्तोपंत गेले. नवरा-बायको त्याच्या गावी, लातूरला आली. भिंतींच्या ऐवजी चिलमनी झाल्या. मूलबाळ झालं नाही. घरात दोन माणसं, परसात एक आड, आणि त्या आडाचं पाणी असं गोड की गल्ली म्हणायची, यात गूळ कोण टाकतं.

मग मडिवाळप्पाच्या डोळ्यांत मोती उतरला. एका डोळ्याला नुसता उजेड कळे, दुसऱ्याला धुक्यातून बघितल्यासारखं. तरी तो काम सोडेना. टाचणीनं भोकं पाडलेले जुने कागदी खाके होते. ते कापडावर ठेवून कोळशाची पूड फिरवली की नक्षी उमटे, आणि तिच्यावरून त्याचा हात सवयीनं जाई. नीलम्मा मागं कंदील धरून उभी राही.

"नीले, कड फुटली का?"

"न्हाई. थोडं वर घ्या. हां. आता सरळ."

"तू हायस म्हणून चाललंय."

"मी नसते तरी तुमी भिंत रंगवत बसला असताव."

असं ते चालू होतं. त्यात रेणुकादासराव आले.

लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. कचेऱ्या अजून भाड्याच्या इमारतींत होत्या, पाट्यांवरचा रंग नवा होता. रेणुकादासराव एका कचेरीतले साहेब, मूळ नांदेडचे, घरी दोन पिढ्या मास्तरकी. त्यांनी डॉक्टरांकडची चिलमन पाहिली आणि पत्ता न विचारता चौकटी बघत बघत गल्लीत आले.

"आप्पा, हदगावला मी तुमची भिंत विरघळताना पाहिलीय. सहा वर्षांचा होतो."

"मग भ्याला असाल."

"आईच्या मागं लपलो होतो. देवी पाहिलीच नाही."

"म्हंजे तिकीट वाया गेलं," मडिवाळप्पा म्हणाला, आणि तिघंही हसले.

कचेरीत एकच लांबलचक दालन होतं आणि त्यात चार खाती कोंबली होती. दुष्काळाचं दुसरं वर्ष. टँकरचे अर्ज, चाऱ्याचे अर्ज, कामाचे अर्ज. बाया मांडीवर लेकरू घेऊन सगळ्यांच्या समोर आपली गाऱ्हाणी सांगायच्या. साहेबांना आडोसा हवा होता, पण लाकडी फळ्या उभ्या केल्या तर आत अंधार होणार. म्हणून बारा चिलमनी. "आणि आप्पा," उठता उठता ते म्हणाले, "शेवटच्या चिलमनीवर कोपऱ्यात तुमचं नाव घाला. करणाऱ्याचं नाव राहिलं पाहिजे."

कंपनीच्या एकाही पडद्यावर त्याचं नाव नव्हतं. साहेब गेल्यावर मडिवाळप्पानं पाटी मागितली आणि खडूनं नाव लिहून बघितलं. खाली लिहिलं, जिल्हा लातूर. उभा जन्म त्यानं जिल्हा उस्मानाबाद लिहिला होता. ओळ वाकडी गेली. त्यानं पुसली आणि परत लिहिली. नीलम्मा चुलीपाशी बसून बघत होती. तिनं त्या दिवशी मनाशी धरलं, की काहीही होवो, हे नाव तिथं लागलं पाहिजे.

काम म्हटलं की पाणी आलं. बारा चिलमनींचं कापड, सात पाणी. गल्लीतला नळ दोन महिने कोरडा होता. टँकर आला तर आला. देवळामागचा हापसा चालू होता, पण त्याचं पाणी मचूळ. त्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे. गोडं पाणी उरलं होतं ते यांच्या आडात, तेही तळाशी, दोन पुरुष खोल. मडिवाळप्पानं ईश्वरप्पा सुताराकडून आडाला फळीचं झाकण करून घेतलं, त्याला कुलूप लावलं आणि किल्ली नीलम्माच्या हातात दिली.

"बारा होईपर्यंत हे उघडायचं कापडासाठी. आपल्याला प्यायला एक घागर, पूजेला एक तांब्या. मग गल्लीला मोकळं."

"लोक काय म्हणतील?"

"महिन्याचा तर सवाल हाय."

दुसऱ्याच दिवशी शेजारची गुणाबाई आली. जिभेनं तिखट, मनानं नाही. कमरेवर घागर होती.

"अक्का, ऐकलं ते खरं हाय का? कापडाला सात पाणी आन् माणसाला एक बी न्हाई?"

"महिनाभर, गुणाबाई. कचेरीचं काम हाय."

"हाव, कचेरीचं पाणी कचेरीत जाऊ द्या." गुणाबाईनं घागर उंबऱ्यापाशी ठेवली. "मी काय भांडायला आले न्हाई. महादेवीला आज बारावा दिवस हाय बाळंत होऊन. हापशाचं पाणी तिच्या पोटात ठरंना, दूध आटून राह्यलंय. घागर ठेवून जाते. भरली तर भरली, न्हाई तर संध्याकाळी रिकामी घेऊन जाईन. भांड्याला काय लाज."

ती गेली. घागर उंबऱ्यावर उभी राहिली. मडिवाळप्पा ईश्वरप्पाकडे चौकटी बघायला गेला होता. नीलम्मानं कुलूप काढलं आणि घागर भरली. आता एकीला दिलं तर दुसरीला काय सांगणार? तिसऱ्या दिवशी उंबऱ्याबाहेर अकरा घागरी होत्या, ओळीनं, मुक्यानं, आणि एकीचीही मालकीण जवळ नव्हती. समोर कुणी उभं असतं तर तिनं नाही म्हटलं असतं. घागरींना काय म्हणणार?

दुपारी नवरा सुताराकडे गेला की तिनं गल्लीला पाणी द्यायचं, आणि कापडासाठी हापशावरून घागरी आणायच्या, असं चालू झालं. हदगावची ती देवी तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. पण तिनं स्वतःला समजावलं. धोब्यानं एका पाण्यात धुतलं होतं, आपण सात पाण्यांत धुतो. तिथं नुसती बत्ती होती, इथं वरून तेल बसणार. तेल सगळं झाकतं. शेवटच्या खंगाळणीला अर्धी घागर गोडं पाणी घातलं की झालं.

नवऱ्याला का नाही सांगितलं, हे नंतर तिनं स्वतःला हजारदा विचारलं. तो आडमुठा होता, पण कसाई नव्हता. सांगितलं असतं तर म्हणाला असता, दे पाणी, आणि साहेबांना जाऊन सांगितलं असतं, की औंदा जमत नाही. मग डोळे पुरते गेले असते आणि नाव पाटीवरच राहिलं असतं. तिला गल्लीही तहानलेली बघवत नव्हती आणि नवऱ्याचं नावही सोडवत नव्हतं. दोन्ही हवं होतं. तिची चूक म्हणाल तर एवढीच, आणि ती लहान नव्हती.

"सात झाली का गं?" मडिवाळप्पा संध्याकाळी विचारी.

"झाली," ती म्हणे. आणि ते खोटं नव्हतं.

त्या बारा चिलमनींवर त्यानं करडईची फुलं काढली. काटेरी पानं, पिवळं-भगवं फूल, आमच्या रानातलं. देवी झाल्या, मोर झाले, आता कचेरीत शेतकरी येणार तर त्याला ओळखीचं काही दिसू दे, असं त्याचं म्हणणं. तेलाचा हात फिरला आणि कापड उजळलं. त्यानं पहिली चिलमन दारात उन्हाकडे धरायला लावली आणि नाक टेकेल इतकं जवळ तोंड नेलं.

"पिवळं कळतंय मला," तो म्हणाला. "कापड कसं हाय?"

नीलम्मानं नीट पाहिलं. कुठंही काही नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला.

"काचेवानी हाय."

"मग तूच केलीस ती. मी नुसती फुलं काढली."

ज्येष्ठात चिलमनी कचेरीत उभ्या राहिल्या. बाराव्या चिलमनीच्या कोपऱ्यात नाव होतं, मडिवाळप्पा, जिल्हा लातूर, आणि ती ओळ सरळ गेली होती, कारण नीलम्मानं त्याचं मनगट धरलं होतं. गल्लीतले चारजण मुद्दाम बघून आले.

आषाढ कोरडा गेला. श्रावणात नुसतं आभाळ भरून यायचं, हवा ओलसर व्हायची आणि एक थेंब न टाकता ढग निघून जायचे. त्या ओलीनं कापडातलं मीठ जागं झालं. जुन्या भिंतीला लोणा लागतो तसा चिलमनींना लोणा लागला. आधी कडेला, मग फुलांतून, पांढऱ्या, ढगाळ चकत्या. सकाळचं ऊन पूर्वेच्या खिडक्यांतून आलं की बाराच्या बारा चिलमनी कोडावल्यासारख्या दिसायच्या. अर्ज घेऊन आलेला एकजण म्हणाला, "साहेब, नव्या जिल्ह्याचे नकाशे टांगलेत का काय?" आणि कचेरी हसली.

नीलम्माला हे कळलं व्यंकटकडून. व्यंकट तिथला शिपाई, हदगावकडचा, भाजी घ्यायला गोलाईत यायचा. ऐकल्यावर ती धपाटे बांधून घेऊन कचेरीत गेली, बारा चिलमनींपुढून चालत गेली आणि परत आली. मग तिनं व्यंकटला बाजूला घेतलं.

"आप्पाला यातलं काई कळता कामा नये. कधी आले, विचारलं, तर म्हणायचं साफ हाय. म्हणशील न्हवं?"

"मी कायले सांगू, अक्का? मी तर रोज ओल्या फडक्यानं पुसून राहिलो. जातच न्हाई ते."

"शपथ घे."

व्यंकटनं गळ्याला हात लावून शपथ घेतली. गरीब माणूस, शपथेला जागणारा.

तेवढ्यात रेणुकादासरावांनी तिला हाक मारली आणि खुर्ची दिली. आवाज हळू ठेवून ते म्हणाले, "नीलम्मा, चूक माझी आहे. आप्पांना दिसत नाही हे मला कळायला हवं होतं. एवढ्या अधू डोळ्यांनी त्यांनी काम केलं, तेलाचा हात कुठं कमी-जास्त बसला ते त्यांना दिसलं नाही. त्यांना यातलं काही बोलू नका. दिवाळीनंतर अहमदपूरला शाळेत डोळ्यांचं शिबिर आहे. मी नाव घालतो. मोती काढून घेऊ."

डाग डोळ्यामुळं पडले नाहीत, साहेब. माझ्यामुळं पडले. एवढं वाक्य होतं. ते तिच्या ओठापर्यंत आलं आणि तिनं काय म्हटलं, तर, "तुमचे उपकार झाले."

गल्लीत आनंदीआनंद झाला. आप्पाला दिसणार. महादेवी बाळ घेऊन आली, बाळाचे पाय आप्पाच्या मांडीवर ठेवले. गुणाबाई म्हणाली, "आता दिसाया लागलं की आधी अक्काचं तोंड बघून घ्या, पस्तावाल." मडिवाळप्पा पोरासारखा हसत होता. सगळ्या लातुरात एकटी नीलम्मा अशी होती, जिला त्याचा डोळा यावा असं वाटत नव्हतं. आणि हे वाटणं तिला घासासारखं गिळताही येईना, थुंकताही येईना.

अहमदपूरच्या शाळेत बाकं जोडून त्यावर गाद्या टाकल्या होत्या. चाळीस म्हातारी माणसं, चाळीस हिरव्या पट्ट्या. मडिवाळप्पाला आत नेलं तेव्हा नीलम्मा व्हरांड्यात फळ्याला टेकून बसली. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेतलं, डोळे मिटले, आणि काय मागावं हे तिला सुचेना.

दीड महिन्यानं जाड भिंगांचा चष्मा आला. तो लावून त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"नीले, म्हातारी झालीस की."

"तुमी कुठं पोरगं राहिलाव."

"कपाळावर हे कधी आलं?" त्यानं बोट लावून सुरकुती चाचपली. मग आपले हात पाहिले, दारातल्या कोंबड्या मोजल्या, पाटी घेतली आणि नाव लिहिलं. ओळ सरळ गेली. "चल," तो म्हणाला. "आधी चिलमनी."

तिनं आज सुट्टी आहे म्हटलं, उद्या अमावस्या आहे म्हटलं, माझं डोकं दुखतं म्हटलं. चौथ्या दिवशी तो धोतर, कोट, टोपी घालून, कपाळाला विभूती लावून दारात उभा राहिला. तिला जावंच लागलं.

सकाळची वेळ होती. साहेब दौऱ्यावर गेले होते. दालनात दोन कारकून होते आणि व्यंकट टेबलं पुसत होता. पूर्वेच्या खिडक्यांतून ऊन थेट चिलमनींवर आलं होतं. मडिवाळप्पा पहिल्या चिलमनीपुढं थांबला. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. दुसरीपुढं गेला. एकेक करत बारावीपर्यंत गेला, नावापाशी वाकला, आणि परत पहिलीपाशी आला. नीलम्मा दारात खांब धरून उभी होती. नाटकात पुढच्या बत्त्या उतरायला लागल्या की तंबूत जशी शांतता पडायची, तशी तिच्या कानांत पडली होती.

"व्यंकट," तो म्हणाला, "हिकडं ये. हितं फुलापाशी डाग दिसतोय का तुला? पांढरा?"

व्यंकटनं फडकं खांद्यावर टाकलं. चिलमनीकडे पाहिलं, मग आप्पाच्या खांद्यावरून दाराकडे, नीलम्माकडे पाहिलं. तिनं मान हलवली असती तर त्यानं खरं सांगितलं असतं. ती हलली नाही.

"न्हाई वो आप्पा. एकदम साफ हाय. काचेवानी."

"हितं बी न्हाई?"

"कुठंच न्हाई."

मडिवाळप्पानं मान डोलावली. कारकुनांना नमस्कार केला. बाहेर रस्त्यावर आल्यावर तो शांतपणे बोलला, कुणा तिसऱ्या माणसाची गोष्ट सांगावी तसा.

"डोळा न्हाई आला, नीले. भिंत दिसती, माणूस दिसतं. पण आरपार उजेड आला की त्यात डाग दिसतो. चिलमनवाल्याला तेवढाच डोळा लागतो, आन् तेवढाच गेला. मला आधी वाटलं, कापडात हाय. मग म्हटलं, तू धुतलेल्या कापडात कसा असंल? तीस वर्षांत न्हाई पडला."

दोन दिवस तिनं ते पोटात ठेवलं. तिसऱ्या दिवशी तो जेवून बसला असताना तिनं सगळं सांगितलं. घागरी, हापसा, व्यंकटची शपथ, साहेबांचा गैरसमज, काही ठेवलं नाही. सांगताना ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो ओरडेल, ताट भिरकावेल, निदान उठून जाईल, याची ती वाट बघत होती.

तो म्हणाला, "माझ्या डोळ्याचं तू कशाला अंगावर घेतीस?"

"खरं सांगते मी."

"मला बरं वाटावं म्हणून सांगतीस. व्यंकटनं माझ्यादेखत बघितलं. साफ हाय म्हटला."

ती व्यंकटला घरी घेऊन आली. व्यंकटनं हात जोडून सांगितलं, की आप्पा, मी खोटं बोललो, डाग आहेत, समदी कचेरी बघून राहिली. मडिवाळप्पानं त्याला चहा पाजला आणि नीलम्माला म्हणाला, "गरीब माणसाला शिकवून आणू नये." तिनं कोरं मलमल आणून दारातल्या उन्हात धरलं. "यात बघा. यात दिसतो का डाग? बघा तरी." त्यानं चष्मा काढून ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. कितीतरी वेळ ती दोन्ही हात वर करून दारात उभी होती. गल्लीतून जाणारा माणूस सवयीनं अंग चोरून गेला.

त्याला खरंच पटलं नव्हतं, की पटवून घ्यायचं नव्हतं, हे तिला कळेना. ती गेली तीस वर्षं त्याचं बोलणं शब्द फुटायच्या आधी ओळखत आली होती. आता समोर बसलेला माणूस तिला वाचता येईना.

ईश्वरप्पानं उरलेल्या चौकटी नेल्या. खाके चुलीत गेले. ते काही त्यानं रागानं घातले नाहीत, पाणी तापवायला सरपण नव्हतं म्हणून घातले. रेणुकादासरावांची बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्यांनी प्लायवूडची पार्टिशनं घातली आणि चिलमनी मागच्या खोलीत गेल्या. महादेवीचं बाळ गल्लीत रांगायला लागलं. बायका म्हणायच्या, अक्कांच्या आडानं गल्ली जगली. नीलम्मा ऐकून घ्यायची. पाणी दिलं याचा पस्तावा तिला एक दिवस झाला नाही. पण ते बोलणं कानावर आलं की ती उठून आत जायची.

चार महिन्यांनी अहमदपूरला पुन्हा डॉक्टर आले, शस्त्रक्रिया झालेल्यांना तपासायला. नीलम्मा त्याला घेऊन एस.टी.नं गेली. तिला वाटलं, डॉक्टर तर खोटं बोलणार नाहीत. डॉक्टरांनी डोळ्यात बत्ती मारून बघितलं, मग अक्षरांचा तक्ता दाखवला. मडिवाळप्पानं चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. मोठी ओळ वाचली, मधल्या ओळी वाचल्या. शेवटची, मुंगीएवढ्या अक्षरांचीही न अडखळता वाचली.

"उत्तम," डॉक्टर म्हणाले. "काही तक्रार? धूसर, डाग, असं काही?"

"न्हाई साहेब. काई न्हाई."

"मग कामाला लागा आजोबा."

"हाव," मडिवाळप्पा म्हणाला.

बाहेर उन्हं चढली होती. शाळेच्या पायऱ्यांपाशी त्यानं चष्मा काढला, डबीत घातला आणि डबी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. मग शेजारी हात पुढं केला, धरण्यासाठी.

"दिसतंय की तुमाला," नीलम्मा म्हणाली. "आत्ता समदं वाचलंव तुमी."

"तू हायस की," तो म्हणाला.

हात तसाच पुढं होता. आजूबाजूला माणसं बघायला लागली. तिनं तो धरला आणि एकेक पायरी सांगत त्याला खाली उतरवलं, मग रस्ता ओलांडून स्टँडकडे घेऊन गेली. लातूरची गाडी लागलेली होती.